सबडोमेनांवरून जाणाऱ्या ईमेलच्या प्रमाणीकरणावर देखरेख कशी ठेवावी

डीमार्कची नोंद (आपल्या नावाने आलेला मेल पडताळणीत नापास झाला तर काय करावे, हे स्वीकारणाऱ्याला सांगणारी) मुख्य डोमेनवर एकदा टाकली की काम झाले, असा समज लहान-मोठ्या संस्थांची संगणक व्यवस्था सांभाळणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. मुख्य डोमेनपुरता तो बऱ्याच अंशी चालून जातो, पण सबडोमेनांच्या, म्हणजे मुख्य डोमेनखालील उपनावांच्या, बाबतीत त्यातून गफलती होतात, कारण प्रमाणीकरणाच्या तीन नोंदींपैकी (एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क) एकच सबडोमेनांना आपोआप लागू होते, बाकीच्या दोन होत नाहीत, आणि जी लागू होते तीदेखील सबडोमेनावर स्वतंत्र नोंद टाकताच लागू होणे थांबते.

पुढील विवेचनासाठी पणजीत कार्यालय असलेला आणि कळंगुट व पाळोळे येथे हॉटेले चालवणारा एक समूह गृहीत धरू. कर्मचाऱ्यांचा रोजचा पत्रव्यवहार उदाहरण.इन या मुख्य डोमेनवरून चालतो. आरक्षणाची पुष्टी बुकिंग.उदाहरण.इन या पत्त्यावरून जाते, जुन्या पाहुण्यांना हंगामाच्या तोंडावर पाठवायची सवलतपत्रे ऑफर.उदाहरण.इन वरून आणि हिशेब विभागाची बिले बिल.उदाहरण.इन वरून. याशिवाय काही वर्षांपूर्वी लग्नसमारंभांच्या चौकशीसाठी उघडलेले लग्न.उदाहरण.इन कोणाच्याही लक्षात नसताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनांच्या नोंदी जाहीर करणाऱ्या व्यवस्थेत, तसेच पडून आहे. या प्रत्येकामागे निराळा पुरवठादार आहे आणि त्यांतील एकालाही दुसऱ्याची कल्पना नाही. (नोंदींमधील सर्व नावे व खुणा येथे देवनागरीत दिल्या आहेत, डीएनएसमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.)

कोणती नोंद खाली उतरते

एसपीएफ, म्हणजे परतीच्या पत्त्यातील डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी, ही नोंद सबडोमेनाला वारशाने मिळत नाही. उदाहरण.इन वर कितीही काटेकोर एसपीएफ असले तरी बुकिंग.उदाहरण.इन साठी ते नसल्यासारखेच असते. त्या नावाने मेल जाणार असेल तर त्या नावावरच नोंद हवी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. ती तपासण्याची सार्वजनिक चावी ज्या डोमेनच्या नावाने सही केली जाते त्याच डोमेनखाली, सिलेक्टर (चावीचे ओळखनाव) आणि _डोमेनकी या जोड-नावाने ठेवलेली असते, त्यामुळे तिथेही वारशाचा प्रश्न उद्भवत नाही. फक्त डीमार्क खाली उतरते. मेल स्वीकारणारा सर्व्हर प्रथम ‘फ्रॉम’ पत्त्यातील नेमक्या डोमेनवर, म्हणजे _डीमार्क.बुकिंग.उदाहरण.इन येथे, नोंद शोधतो. ती न सापडल्यास थेट संस्थेच्या मूळ डोमेनवर जातो आणि तेथील नोंदीत ‘एसपी’ हा टॅग असेल तर त्यातील धोरण, नसेल तर ‘पी’ मधील धोरण सबडोमेनाला लावतो.

यातील ‘थेट’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाले की पुढचा हिशेब चुकतो. २०१५ साली आरएफसी ७४८९ म्हणून (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) प्रसिद्ध झालेल्या डीमार्कच्या मांडणीत शोधाच्या दोनच पायऱ्या आहेत, मधल्या पायऱ्या नाहीत. समजा, पाळोळे.बुकिंग.उदाहरण.इन या आणखी खालच्या स्तरावरील नावाने मेल जात असेल, तर बुकिंग.उदाहरण.इन वरील डीमार्क नोंद त्याच्या उपयोगाची नाही. धोरण मूळ डोमेनवरूनच येईल. त्याच नियमाने सबडोमेनावरील नोंदीत घातलेला ‘एसपी’ टॅग निरर्थक ठरतो. डीमार्कच्या सुधारित आवृत्तीत डीएनएसमधील नावांवरून एकेक पायरी वर चढत जाण्याची पद्धत आहे, त्यामुळे स्वीकारणारा सर्व्हर कोणती पद्धत वापरतो यावर मधल्या पायरीवरील नोंदीचा परिणाम अवलंबून राहू शकतो. म्हणूनच मधल्या नावावर नोंद ठेवून तिच्यावर विसंबू नये. ज्या नावाने मेल जातो त्याच नावावर नोंद ठेवावी.

मूळ डोमेन कोणते, हे ठरवण्यासाठी पब्लिक सफिक्स यादी, म्हणजे ज्यांच्याखाली निरनिराळ्या संस्था आपापली डोमेने नोंदवतात अशा शेवटांची यादी, वापरली जाते. डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट गव्ह डॉट इन ही सर्व त्या यादीत असल्यामुळे गोवा.गव्ह.इन हे स्वतः मूळ डोमेन ठरते आणि त्याखालील खात्यांची नावे त्याची सबडोमेने ठरतात. खासगी संस्थेच्या बाबतीत हा प्रश्न सहसा सरळ असतो, परंतु शैक्षणिक किंवा सरकारी व्यवस्थेत काम करणाऱ्याने आपले मूळ डोमेन कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण तेथील ‘एसपी’ बदलला की आपल्या नावाने जाणाऱ्या मेलचे भवितव्य आपल्याला न विचारता बदलते.

आधी यादी, मग देखरेख

ज्या सबडोमेनाचे अस्तित्वच ठाऊक नाही त्यावर लक्ष ठेवता येत नाही, हे उघड आहे. तरीही बहुतेक ठिकाणी या पायरीचा कंटाळा केला जातो. पहिले काम म्हणजे डीएनएस पुरवठादाराकडून संपूर्ण झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सर्व नोंदींची फाइल, उतरवून घेणे. तिच्यातील प्रत्येक एमएक्स (मेल कोठे स्वीकारायचा ते सांगणारी), टीएक्सटी (मजकुराची) आणि सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) नोंद वाचावी आणि ती कोणी, कशासाठी टाकली हे विचारत जावे. दुसरा स्रोत सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदवह्यांचा आहे; सीआरटी डॉट एसएच या संकेतस्थळावर आपले डोमेन शोधले की ज्या ज्या नावांसाठी कधीकाळी टीएलएस प्रमाणपत्र काढले गेले ती नावे दिसतात, आणि त्यांत लग्न.उदाहरण.इन सारखी विस्मृतीत गेलेली नावे हमखास सापडतात. तिसरा स्रोत तांत्रिक नाही, पण माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे: हिशेब विभागाकडील बिले. मेल पाठवणाऱ्या सेवेचे पैसे कोणाच्या तरी क्रेडिट कार्डावरून जात असतात, आणि विपणन विभागाने परस्पर घेतलेली सेवा संगणक विभागाला ठाऊक नसली तरी हिशेबनिसाला नक्की ठाऊक असते.

यादीत प्रत्येक सबडोमेनापुढे तो कोणाच्या जबाबदारीचा आहे, कोणता पुरवठादार त्यावरून पाठवतो, डीकेआयएमचा सिलेक्टर कोणता, पाकिटावरचा परतीचा पत्ता, म्हणजे रिटर्न-पाथ, कोणत्या डोमेनचा असतो आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत मेल जातो, एवढे लिहून ठेवावे. शेवटचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल. गोव्यात तो का आवश्यक आहे, ते पुढे येईल.

अहवाल कोठे मागवावेत

डीमार्क नोंदीतील ‘रुआ’ टॅगमध्ये दिलेल्या पत्त्यावर मोठे मेल पुरवठादार साधारणपणे दिवसातून एकदा एकत्रित अहवाल (आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरवरून किती मेल आले आणि ते पडताळणीत उतरले का) पाठवतात. हा पत्ता कोणाच्या वैयक्तिक मेलपेटीचा नसावा. त्यासाठी वेगळी पेटी उघडावी, अन्यथा ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की अहवालही तिच्याबरोबर जातात.

सबडोमेनांच्या बाबतीत सर्वाधिक वेळा दिसणारा दोष याच टॅगशी निगडित आहे. एखादा पुरवठादार आपल्या सूचनापत्रात ‘ही नोंद टाका’ म्हणून व्ही=डीमार्क१; पी=नन एवढीच ओळ देतो, आपण ती _डीमार्क.ऑफर.उदाहरण.इन वर चिकटवतो, आणि त्या क्षणापासून ऑफर.उदाहरण.इन ची माहिती आपल्याकडे येणे बंद होते. सबडोमेनावर स्वतःची नोंद आल्यावर मूळ डोमेनची नोंद तिला लागू होत नाही, तिच्यातील ‘रुआ’ देखील नाही, आणि नव्या नोंदीत ‘रुआ’ नसल्यामुळे अहवाल कोणाकडेच जात नाहीत. वर धोरणही ‘नन’ (नापास मेलवर काहीही कारवाई न करणे) असल्याने मूळ डोमेनवरच्या ‘रिजेक्ट’चा (मेल नाकारण्याचा) आधारही जातो. म्हणजे मेलला परवानगीही पूर्ण आणि पहाराही नाही, अशी अवस्था. म्हणून पहिला नियम असा धरावा की सबडोमेनावर स्वतंत्र डीमार्क नोंद असेल तर तीत ‘रुआ’ असलाच पाहिजे. नसेल तर ती नोंद काढून टाकलेली बरी.

अहवाल दुसऱ्या डोमेनवरील पत्त्यावर, उदाहरणार्थ एखाद्या विश्लेषण सेवेकडे, मागवायचे असतील तर त्या दुसऱ्या डोमेनने ‘होय, आम्ही हे स्वीकारतो’ असे डीएनएसमध्ये जाहीर करावे लागते. ती संमती-नोंद ज्या डोमेनच्या डीमार्क नोंदीत बाहेरचा पत्ता आहे त्याच्या पूर्ण नावाने असते, म्हणजे बुकिंग.उदाहरण.इन._रिपोर्ट._डीमार्क हे नाव आणि त्यापुढे अहवाल घेणाऱ्याचे डोमेन. मूळ डोमेनसाठी संमती-नोंद आहे म्हणून सबडोमेनाच्या स्वतंत्र नोंदीलाही ती पुरेल, असे गृहीत धरू नये. बऱ्याच सेवा सर्वांसाठी एकच वाइल्डकार्ड, म्हणजे कोणत्याही नावाला चालणारी, नोंद ठेवतात आणि प्रश्न उद्भवत नाही, पण आपल्याच दोन डोमेनांमध्ये अहवाल वळवणाऱ्यांना मात्र ही नोंद स्वतः टाकावी लागते.

‘रुफ’ टॅगने मागवता येणारे तपशीलवार अपयश-अहवाल मी सुचवत नाही. गूगल ते पाठवतच नाही, आणि जे पाठवतात त्यांच्या अहवालात मेलचा मथळा, पत्ते व कधी मजकूरही असू शकतो. आरक्षणाच्या मेलमध्ये पाहुण्याचे नाव, मुक्कामाच्या तारखा आणि कधी पारपत्राचा तपशील असतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यानंतर असा मजकूर एका सामाईक पेटीत साठवणे शहाणपणाचे नाही.

एक अहवाल जवळून

अहवाल एक्सएमएल स्वरूपात, झिप किंवा जीझिप करून येतो. गूगलचा अहवाल यूटीसी दिवसाचा असतो, म्हणजे आपल्या घड्याळानुसार पहाटे साडेपाचपासून दुसऱ्या पहाटेच्या साडेपाचपर्यंतचा. रात्री दोन वाजता गेलेल्या मेलांचा घोळ ‘कालच्या’ अहवालात शोधताना हे विसरू नये. त्यातील एक नोंद अशी असू शकते: जाहीर धोरणाच्या भागात डोमेन उदाहरण.इन, पी=रिजेक्ट, एसपी=नन; सोर्स आयपी १९२.०.२.२५, काउंट (मेलांची संख्या) ४१२, हेडर-फ्रॉम (दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्यातील डोमेन) बुकिंग.उदाहरण.इन, पडताळणी-निकालात एसपीएफ पास, पण डोमेन पुरवठादाराचे, डीकेआयएम पास, पण सहीचे डोमेन तेही पुरवठादाराचे, आणि अंतिम मूल्यमापनात एसपीएफ फेल, डीकेआयएम फेल.

नवख्या वाचकाला यात विसंगती वाटते: एकाच नोंदीत ‘पास’ही आणि ‘फेल’ही कसे? उत्तर असे की पडताळणी-निकालाचा भाग केवळ तांत्रिक तपासणी सांगतो, तर मूल्यमापनाचा भाग त्यात जुळणीची अट (तपासलेले डोमेन ‘फ्रॉम’मधील डोमेनशी जुळते का) मिळवून निकाल देतो. एसपीएफ उत्तीर्ण झाले ते पुरवठादाराच्या डोमेनसाठी. पाहुण्याला दिसणारा पत्ता आपला. दोन्ही डोमेने एका मूळ डोमेनखाली येत नाहीत, म्हणून डीमार्कच्या दृष्टीने दोन्ही निष्फळ. ॲमेझॉन एसईएससारखी मेल पाठवणारी सेवा नुसती सुरू करून सोडली की नेमके हेच घडू शकते, कारण तिचा परतीचा पत्ता मुळात ॲमेझॉनएसईएस डॉट कॉमच्या सबडोमेनाचा असतो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत: सेवेत आपल्या डोमेनसाठी डीकेआयएम चालू करून तिने दिलेल्या तीन सीनेम नोंदी टाकाव्यात, आणि परतीच्या पत्त्यासाठी आपलेच एखादे नाव, जसे बाउन्स.बुकिंग.उदाहरण.इन, ठरवून त्यावर सेवेने सांगितलेल्या एमएक्स व एसपीएफ नोंदी टाकाव्यात.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. जाहीर धोरणाचे डोमेन उदाहरण.इन आहे आणि हेडर-फ्रॉम बुकिंग.उदाहरण.इन आहे, याचा अर्थ बुकिंगवर स्वतंत्र डीमार्क नोंद नाही आणि तिला मूळ डोमेनचा ‘एसपी’ लागू झाला आहे. ती दोन नावे एकसारखी दिसली तर सबडोमेनाची स्वतःची नोंद अस्तित्वात आहे. अहवालांची छाननी करणाऱ्या बहुतेक साधनांत मुख्य डोमेनखाली सर्व आकडे एकत्र दाखवले जातात आणि हा भेद दिसेनासा होतो. म्हणून साधन कोणतेही असो, त्यात हेडर-फ्रॉमनुसार वर्गवारी करणारा तक्ता प्रथम बनवून घ्यावा. स्वतःच्या सर्व्हरवर पार्सडीमार्क हे मुक्त साधन चालवून आकडे इलास्टिकसर्च व किबानात पाहणाऱ्यांना हे सहज जमते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतही ही सोय असते, पण ती शोधून चालू करावी लागते.

अहवालातील परक्या वाटणाऱ्या प्रत्येक आयपी पत्त्याला शत्रू मानू नये. म्हापशाचा एखादा प्रवास-व्यावसायिक आपल्या कार्यालयीन पत्त्यावर आलेली आरक्षणाची पुष्टी आपोआप जीमेलकडे पुढे पाठवत असेल, तर जीमेलला तो मेल त्या व्यावसायिकाच्या होस्टिंग सर्व्हरकडून आलेला दिसतो आणि आपल्या बाजूने एसपीएफ निष्फळ ठरते. मेलमध्ये वाटेत बदल झाला नसेल तर डीकेआयएमची सही मात्र शाबूत राहते. म्हणून एसपीएफ निष्फळ, डीकेआयएम जुळलेले आणि संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, असे दिसले तर ते पुढे पाठवलेले मेल समजावेत. दोन्ही निष्फळ, संख्या मोठी आणि आयपी पत्ता आपल्या यादीतील कोणत्याही पुरवठादाराचा नाही, असे दिसले तर तो तोतया. दोन्ही निष्फळ पण पत्ता ओळखीच्या पुरवठादाराचा असेल तर दोष आपल्या मांडणीत आहे; कामाचा बहुतांश वेळ याच तिसऱ्या प्रकारावर खर्च होतो.

शिथिल जुळणीची दुसरी बाजू

डीमार्कची जुळणी मुळात शिथिल असते, म्हणजे मूळ डोमेन समान असले की पुरे. यामुळे बाउन्स.बुकिंग.उदाहरण.इन वरील एसपीएफ बुकिंग.उदाहरण.इन साठी चालते, ही सोय झाली. तीच सोय उलट्या दिशेनेही लागू पडते, हे मात्र सहसा बोलले जात नाही. ऑफर.उदाहरण.इन च्या नावाने सही करण्याचा अधिकार ज्या पुरवठादाराला दिला, तो तांत्रिकदृष्ट्या हिशेब@उदाहरण.इन असा ‘फ्रॉम’ लिहून मेल पाठवू शकतो आणि त्याची ऑफरच्या नावाची सही डीमार्कच्या कसोटीला उतरते. पुरवठादार प्रामाणिक असला तरी त्याच्याकडील आपले खाते चोरीस गेले तर बिल भरण्याचे खोटे मेल मुख्य डोमेनच्या नावाने, पूर्ण प्रमाणित होऊन, जाऊ शकतात.

म्हणून पैशांशी संबंध असलेल्या डोमेनांवर कडक जुळणी, म्हणजे एडीकेआयएम=एस आणि एएसपीएफ=एस, यांचा विचार करावा. मात्र तो अहवाल पाहून करावा. बाउन्स-पत्ता वेगळ्या सबडोमेनावर असेल तर कडक जुळणीत एसपीएफ कामी येणार नाही आणि सारा भार डीकेआयएमवर पडेल. महिनाभराच्या अहवालांत त्या डोमेनसाठी नेमक्या नावाची डीकेआयएम सही सातत्याने दिसत असेल तरच हा बदल करावा. मूळ डोमेनच्या नोंदीतील हे टॅग स्वतंत्र नोंद नसलेल्या सबडोमेनांनाही लागू होतात, हेही ध्यानात ठेवावे.

धोरण कडक करण्याचा क्रम

सर्व सबडोमेने स्वच्छ होईपर्यंत ‘एसपी’ला ‘नन’वर ठेवण्याची पद्धत सावधपणाची वाटते, पण तिच्यात एक तोटा आहे: तोवर जगातील कोणीही रिसेप्शन.उदाहरण.इन किंवा पेमेंट.उदाहरण.इन अशी अस्तित्वात नसलेली नावे वापरून आपल्या पाहुण्यांना गंडवू शकतो. त्यापेक्षा पुढील क्रम अधिक चांगला. यादीतील प्रत्येक कार्यरत सबडोमेनावर प्रथम स्वतःची डीमार्क नोंद, पी=नन आणि योग्य ‘रुआ’सह, टाकावी. त्या नोंदी डीएनएसमध्ये सर्वत्र दिसू लागल्याची खात्री झाली की मूळ डोमेनच्या नोंदीत एसपी=रिजेक्ट करावे. कार्यरत नावे स्वतःच्या नोंदीमुळे या बदलापासून सुरक्षित राहतात, आणि उरलेली सर्व, माहीत असलेली व नसलेली, एकदम बंद होतात. पुढे एकेक कार्यरत सबडोमेन तपासून ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये टाकणे) व ‘रिजेक्ट’कडे न्यावे. यादी अपुरी असेल तर एखादा खरा मेल अडेल, हे खरे. पण मूळ डोमेनच्या ‘रुआ’वर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अहवालात तो दिसेल.

टक्केवारीने धोरण लागू करणाऱ्या ‘पीसीटी’ टॅगवर भिस्त ठेवू नये. सर्व स्वीकारणारे त्याचा एकसारखा अर्थ लावत नाहीत आणि सुधारित आवृत्तीत तो काढलेलाच आहे.

आता हंगामाचा रकाना. गोव्यातील पर्यटन व्यवसायात मेलचा भार वर्षभर सारखा नसतो. जून ते सप्टेंबर ऑफर.उदाहरण.इन वरून जवळजवळ काहीच जात नाही, ऑक्टोबरच्या सुमारास सवलतपत्रांचा पूर येतो, आणि नाताळ व नववर्षाच्या आठवड्यात आरक्षणाचे मेल शिगेला पोहोचतात. चित्रपट महोत्सव किंवा कार्निव्हलसारख्या प्रसंगांसाठी उघडलेली सबडोमेने तर वर्षातून दोन-तीन आठवडेच जागी असतात. ऑगस्टमधील चार आठवड्यांचे अहवाल पाहून ‘सर्व प्रेषक प्रमाणित झाले’ असा निष्कर्ष काढला तर तो केवळ पावसाळ्यापुरता खरा असतो. जे सबडोमेन मेलच पाठवत नाही त्याचा अहवाल स्वच्छच दिसणार. देखरेखीचा काळ म्हणून एक संपूर्ण हंगाम, निदान ऑक्टोबर ते जानेवारी, धरावा. दोष तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त करत जावेत. आणि ‘रिजेक्ट’कडे जाण्याचे बदल मे अखेरीस किंवा जूनमध्ये, भार उतरल्यावर करावेत. चवथीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी डीएनएसला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

हंगामाच्या सुरुवातीला दुसरा एक आकडा आडवा येतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले, आणि याहूनेही त्याच सुमारास तशाच अटी घातल्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी मे २०२५ पासून तशीच अट लागू केली. गूगलच्या मोजणीत एकाच मूळ डोमेनखालील सर्व सबडोमेनांचे मेल एकत्र धरले जातात, आणि एकदा ही मर्यादा ओलांडली की तो प्रेषक कायमचा घाऊक प्रेषक समजला जातो. म्हणजे ऑफरवरून ३,५०० आणि बुकिंगवरून १,६०० मेल एकाच दिवशी गेले तरी अट लागू होते, जरी दोघांपैकी कोणालाच आपण मोठे प्रेषक आहोत असे वाटत नसले तरी. गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये (प्रेषकांना आपल्या मेलची स्थिती दाखवणारे गूगलचे साधन) मूळ डोमेनबरोबर प्रत्येक कार्यरत सबडोमेन स्वतंत्रपणे जोडून ठेवावे, म्हणजे स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण कोणामुळे वाढले ते कळते. गूगलच्या सूचनेनुसार ते ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचता कामा नये.

नित्याची तपासणी

रोज अहवाल उघडून वाचण्याची गरज नाही आणि ते कोणी फार दिवस करतही नाही. त्याऐवजी चार गोष्टींची सूचना आपोआप मिळेल अशी व्यवस्था करावी: एखाद्या सबडोमेनावर यादीत नसलेल्या आयपी पत्त्यावरून ठरावीक संख्येपेक्षा जास्त मेल दिसणे, पूर्वी जुळत असलेली डीकेआयएम सही घसरणे, हेडर-फ्रॉममध्ये नवे नाव प्रथमच दिसणे, आणि ज्या सबडोमेनाचे अहवाल नियमित येत होते ते अचानक थांबणे. शेवटची सूचना फार कमी ठिकाणी लावलेली असते, पण तीच ‘रुआ’ पुसली गेल्याचे, डीमार्क नोंदीत चुकून अर्धविराम गाळला गेल्याचे किंवा एकाच नावावर दोन डीमार्क नोंदी झाल्याचे सर्वप्रथम सांगते. दोन नोंदी असल्या तर स्वीकारणारा त्यांतील चांगली निवडत नाही. दोन्ही सोडून देतो.

अहवाल एक दिवस मागे असतात, म्हणून डीएनएसवर थेट नजरही हवी. यादीतील प्रत्येक नावाच्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क नोंदी ‘डिग’ आज्ञेने रात्री एकदा उतरवून आदल्या रात्रीच्या प्रतीशी ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट एका दुपारी लिहून होते. तिने एसपीएफमधील डीएनएस शोधांची संख्याही मोजावी. आरएफसी ७२०८ प्रमाणे इन्क्लूड (दुसऱ्या डोमेनची एसपीएफ यादी सामील करून घेणारा घटक), ए, एमएक्स, रीडायरेक्ट अशा घटकांमुळे होणारे शोध दहाच्या वर गेले तर पूर्ण नोंदच बाद ठरते, आणि आपण काहीही न बदलता हे होऊ शकते, कारण पुरवठादार आपल्या इन्क्लूडमध्ये नवे इन्क्लूड घालतो. एका पुरवठादाराला एकच सबडोमेन, ही शिस्त पाळली तर प्रत्येक नावाला स्वतःचे दहा शोध मिळतात आणि हा प्रश्न सहसा येत नाही. डीकेआयएमची चावी २०४८ बिटची असावी. ती एका २५५ अक्षरांच्या ओळीत मावत नाही, तेव्हा टीएक्सटी नोंदीत तिचे तुकडे नीट जोडले गेले आहेत का तेही पाहावे.

न वापरातली सबडोमेने

ज्या नावांवरून मेल जातच नाही त्यांच्यावर एसपीएफमध्ये केवळ ‘-ऑल’ (कोणालाही परवानगी नाही) आणि शून्य एमएक्स, म्हणजे हे नाव मेल स्वीकारत नाही असे सांगणारी आरएफसी ७५०५ मधील एका बिंदूची नोंद, टाकावी. प्रत्येक नावासाठी हे करण्याऐवजी वाइल्डकार्ड टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. पण वाइल्डकार्ड केवळ अशाच नावांना लागू होते ज्यांची डीएनएसमध्ये दुसरी कोणतीही नोंद नाही. लग्न.उदाहरण.इन ची नुसती ए नोंद (नावाचा आयपी पत्ता सांगणारी) शिल्लक असली तरी वाइल्डकार्डचे एसपीएफ तिला लागत नाही.

याहून धोकादायक म्हणजे वाइल्डकार्ड सीनेम. संकेतस्थळाच्या सोयीसाठी कोणी सर्व सबडोमेने एका होस्टिंग कंपनीकडे सीनेमने वळवली असतील, तर कल्पनेतल्या प्रत्येक सबडोमेनाला त्या होस्टिंगच्या नावावर असलेले एसपीएफ मिळते, आणि त्याच होस्टिंगवरील दुसऱ्या ग्राहकाला आपल्या नावाने एसपीएफ उत्तीर्ण करणारा मेल पाठवण्याची वाट मिळते. शिथिल जुळणीत तो डीमार्कलाही उतरतो.

अनाथ सीनेमचे उदाहरण जगासमोर आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, जेव्हा गार्डिओ लॅब्स या संशोधक गटाने आठ हजारांहून अधिक डोमेनांच्या सबडोमेनांवरून चाललेला कचरा-मेलचा धंदा उघडकीस आणला. त्यात एमएसएनसारख्या मोठ्या नावाचे एक सबडोमेन जुन्या स्पर्धेसाठी घेतलेल्या, नंतर सोडून दिलेल्या डोमेनकडे सीनेमने वळवलेले होते. ते सोडलेले डोमेन कोणीतरी पुन्हा विकत घेतले आणि त्यावर स्वतःची एसपीएफ नोंद टाकली. सीनेममुळे ती नोंद मोठ्या डोमेनच्या सबडोमेनाची ठरली. एसपीएफमधील इन्क्लूडचे डोमेन कालबाह्य झाल्यावरही हीच युक्ती चालते. म्हणून रात्रीच्या स्क्रिप्टने प्रत्येक सीनेम व इन्क्लूड जेथे पोहोचतो ते डोमेन अद्याप नोंदलेले आहे का, हेही पाहावे. उत्तर ‘असे नाव नाही’ आले तर त्याच दिवशी ती नोंद काढावी.

पुरवठादार बदलताना क्रम सांभाळावा लागतो. नव्या सेवेवरून मेल सुरळीत जाऊ लागले, त्याचे अहवाल आले, जुन्या सेवेची रांगेतली परतीची पत्रे येऊन गेली, की प्रथम जुन्या सेवेच्या एसपीएफ, डीकेआयएम व सीनेम नोंदी डीएनएसमधून काढाव्यात आणि मगच तिच्याकडील खाते बंद करावे. उलट केले तर मधल्या काळात आपल्या नोंदी अशा जागेकडे बोट दाखवत राहतात जी आता आपली नाही आणि दुसरा कोणीही घेऊ शकतो. सबडोमेनच कायमचे बंद होत असेल तर तिची स्वतंत्र डीमार्क नोंद शेवटी काढावी, म्हणजे मूळ डोमेनवरील एसपी=रिजेक्ट तिला लागू होईल आणि त्या नावाने पुढे कोणी मेल पाठवण्याचा प्रयत्न केला तर तो मूळ डोमेनच्या अहवालात दिसत राहील; यादीतील तिची ओळ मात्र पुसू नये, तिच्यापुढे बंद केल्याची तारीख आणि बंद करणाऱ्याचे नाव लिहावे.